फिनिक्सच्या वाळवंटी ट्रेलवर माउंटन बाइक: सुरुवात टायरपासून

अॅरिझोनातलं फिनिक्स शहर सोनोरन वाळवंटात वसलंय. वाळूच्या टेकड्या इथे शोधूनही सापडत नाहीत. आहेत ते ग्रॅनाइटचे डोंगर, त्यांची झिजून झालेली बारीक खडी, कोरडे ओढे आणि जिथे तिथे काटेरी झाडं. साउथ माउंटन पार्क 16,000 एकरांहून मोठं आहे आणि ते शहराच्या हद्दीतच येतं. त्यामुळे शेजारच्या चँडलर-टेंपी शहरांकडे राहणाऱ्याला ऑफिसच्या आधी एक फेरी सहज मारता येते. सायकलीचा मोसम ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत.

नवा माणूस आधी महागडं सस्पेन्शन बघतो. या जमिनीवर पैसे टायरवर घाला. इथे बऱ्याच फेऱ्या चढामुळे नाही, पंक्चरमुळे अर्धवट सुटतात.

टायर, सीलंट, हवा

ट्यूबवाली सायकल इथे आणूच नका. गावाकडे बांधावर अनवाणी पायात घुसणारे सराटे इथेही आहेत, वनस्पती तीच. शिवाय चोया आणि प्रिकली पेअर ही निवडुंगं, कॅटक्लॉ या झुडपाची वाकडी काटेरी फांदी आणि मेस्किट या झाडाचा सुईसारखा काटा. एका फेरीत टायरमध्ये पाच-सात काटे घुसणं नेहमीचंच. ट्यूबलेस टायर असेल, म्हणजे आत ट्यूब नसून भोकं बुजवणारा द्रव (सीलंट) असेल, तर ते तुम्हाला कळतही नाही.

29 इंची चाक आणि 2.4 इंच रुंद टायर असेल तर प्रत्येक चाकात 100 ते 120 मिली सीलंट भरा. पाकिटावर कधीकधी याहून कमी लिहिलेलं असतं. इथे उन्हाळ्यात दीड-दोन महिन्यांत सीलंट सुकतं आणि आत रबराच्या पापुद्र्याशिवाय काही उरत नाही. दर महिन्याला चाक कानाशी धरून हलवा. आत डचमळल्याचा आवाज आला नाही तर व्हॉल्व्ह कोर (हवा भरायच्या नळीतला आतला भाग) काढून सिरिंजने 60 मिली घाला.

टायर घेताना साइडवॉल (टायरची बाजू) जाड असलेला घ्या. वजन थोडं वाढेल, ते सोसावं. काट्याचं भोक सीलंट भरतं, पण धारदार दगडाने साइडवॉलला गेलेली चीर भरत नाही. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने पुढच्या चाकात 22 आणि मागच्यात 25 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) इथून सुरुवात करावी. दगडावर रिम आपटल्याचा 'टण्' असा आवाज येत राहिला तर 2 पीएसआय वाढवा. खडीवर टायर नाचायला लागला तर 1 कमी करा. पंपावरच्या दाबाच्या काट्यावर फार विश्वास ठेवू नका. वीस-पंचवीस डॉलरचा डिजिटल गेज घ्या आणि दरवेळी त्यानेच मोजा.

काटा दिसला की लगेच उपटायची घाई नको. हवा जात नसेल तर घरी पोचेपर्यंत राहू द्या. उपटलाच तर ते भोक खाली येईल असं चाक फिरवा आणि अर्धा मिनिट थांबा, म्हणजे सीलंट तिथे साचतं. तरीही फसफसत असेल तर प्लग (भोकात खुपसायची रबरी पट्टी) घाला.

प्लगनेही भागलं नाही तर शेवटी आत साधी ट्यूब घालावी लागते, आणि नेमके तिथेच लोक फसतात. महिनोन्‌महिने चाललेल्या ट्यूबलेस टायरच्या आत डझनावारी काट्यांची टोकं डोकावत असतात. नवी ट्यूब घालून हवा भरली की मिनिटभरात तिचीही चाळणी. म्हणून टायर पूर्ण उघडा, हातमोजा उलटा करून आतल्या बाजूने सावकाश फिरवा. कापड जिथे अडकेल तिथलं टोक लहान पक्कडीने बाहेर ओढा. दोन फेऱ्या मारूनच ट्यूब घाला. या कामाला वीस मिनिटं लागतात, आणि तेवढा वेळ थांबता येईल अशी सावली आधी शोधावी लागते.

चेनला मेणाचं किंवा 'ड्राय' प्रकारचं तेलच लावा. ओलं तेल इथली धूळ धरून ठेवतं आणि तिची खरड-पेस्ट होऊन कॅसेट (मागच्या चाकाच्या गिअरच्या दातेरी चकत्या) खाते. फेरीनंतर पाण्याने धुण्यापेक्षा कोरड्या ब्रशने झाडणं बरं. टायरमध्ये झटपट हवा भरायची सीओटूची (कार्बन डायऑक्साइडची) नळकांडी उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका.

भाड्याची सायकल घेत असाल तर

मुलांकडे हिवाळ्यात आलेले आणि सह्याद्रीत सायकल चालवलेले पाहुणे इथे दमाने कमी पडत नाहीत, पण ब्रेकपाशी हमखास गोंधळतात. भारतात बऱ्याच सायकलींना उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो. अमेरिकेत पुढचा ब्रेक डाव्या हाताला. घाबरून जुन्या सवयीने डावा हात आवळला की माणूस हँडलवरून पुढे. दुकानदाराला सांगून ब्रेक उलटे करून घ्या. ते होत नसेल तर दुकानाच्या पार्किंगमध्ये दहा मिनिटं फक्त ब्रेक मारत फिरा.

कुठे जायचं

अगदी नवे असाल तर शहराच्या ईशान्येला मॅकडॉवेल माउंटन रीजनल पार्कमध्ये जा. तिथे शर्यतीसाठी आखलेल्या तीन वळशांपैकी स्पोर्ट लूप साधारण 3 मैलांचा आहे. दमलात तरी गाडी जवळच. तो जमला की आठेक मैलांचा लाँग लूप करा आणि मग पेम्बर्टन ट्रेल. हा साधारण 15 मैलांचा मोठा वळसा कौशल्य कमी मागतो, दम जास्त.

मधल्या पातळीला साउथ माउंटनवरच्या डेझर्ट क्लासिकसारखा ट्रेल नाही. पीमा कॅन्यनच्या पार्किंगपासून निघून डोंगराच्या दक्षिण पायथ्याने साधारण 9 मैल जातो. छोटे ओढे, छोटे चढ, मधूनमधून दगडाच्या पायऱ्या. तो जाऊन-येऊन करायचा असतो, त्यामुळे जाताना उत्साहात गेलेलं अंतर परतताना ऊन चढल्यावर कापावं लागतं. पहिल्यांदा चार मैलांवरून परत फिरा. मेसा शहराजवळचा हॉझ हा ट्रेलसमूहही याच पातळीचा.

त्याच साउथ माउंटनच्या माथ्यावरून जाणारा नॅशनल ट्रेल मात्र तयार माणसाचं काम आहे. 'वॉटरफॉल' नावाच्या जागी दगडांचा उतार पाण्याच्या धबधब्यासारखाच कोसळतो, फक्त पाणी नाही. सायकल वर ठेवून आधी पायी खाली उतरा आणि खालून वर बघा. चाक कुठून न्यायचं हे वरून कधीच नीट दिसत नाही. मनात रेघ स्पष्ट उमटली नाही तर सायकल हातात धरून उतरा, बरेच पट्टीचे लोकही तेच करतात.

खडी आणि वाळू

इथली जमीन खाली सिमेंटसारखी घट्ट आणि वर ज्वारीच्या दाण्याएवढी सुटी खडी. वळणावर ब्रेक मारला की पुढचं चाक त्या दाण्यांवरून सरकतं. म्हणून वेग कमी करायचा तो वळणाच्या आधी, सरळ रेषेत. वळणात बोटं ब्रेकवर असली तरी आवळलेली नकोत. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली दाबा, सायकल आत झुकवा, अंग तिच्यापेक्षा सरळ ठेवा. भीतीने माणूस मागे सरकतो, पुढच्या चाकावरचं वजन जातं आणि तेच चाक सटकतं. छाती हँडलकडे थोडी पुढे हवी.

कोरड्या ओढ्यातल्या वाळूत याच्या नेमकं उलट. वाळू दिसताच, आत शिरायच्या आधीच, दोन गिअर हलका टाका, कारण आत गेल्यावर ताणाखाली गिअर बदलला की चेन कडकड करते आणि पायाची लय तुटते. कंबर जरा मागे, हँडल सैल, पाय थांबू न देता गोल फिरवत राहा. पुढचं चाक इकडेतिकडे पोहेल, पोहू द्या. ते जबरदस्तीने सरळ करायला गेलात की रुतलंच. नजर चाकापुढे नको, पलीकडच्या काठावर हवी. ओढ्यातून बाहेर येतानाचा छोटा चढ खडा असतो, त्यासाठी शेवटच्या दोन मीटरला जोर राखून ठेवा.

दगडाची पायरी उतरताना सीट खाली, टाचा खाली, गुडघे मोकळे. ब्रेक कडेच्या आधी, कडेवर सोडायचा.

ऊन आणि पाणी

2023 मध्ये फिनिक्सला सलग 31 दिवस पारा 110 फॅरनहाइट, म्हणजे 43 अंश सेल्सिअसच्या वर किंवा तेवढा होता. हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसायच्या आत उडून जातो. मुंबईत घामाने शर्ट चिकटला की पाणी आठवतं, इथे तशी आठवण कोणी करून देत नाही. तहान लागेपर्यंत थांबलात तर उशीर झालेला असतो.

तीस अंशांच्या वर तासाला एक लिटर धरा. दोन-तीन तासांसाठी पाठीवर 3 लिटरची पिशवी, अर्धी बर्फाने भरलेली. प्रत्येक घोटानंतर नळीत फुंकर मारून पाणी परत पिशवीत ढकला, नाहीतर पुढचा घोट चहाइतका गरम येतो. नुसतं पाणी पीत राहिल्याने रक्तातलं सोडियम घटतं, म्हणून एका बाटलीत इलेक्ट्रोलाइट घाला आणि खायला खारं काहीतरी ठेवा. चिवडा किंवा खारे शेंगदाणे चालतात, चिक्की वितळून हाताला चिकटते. निम्मं पाणी संपलं की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, माथा शंभर मीटरवर असला तरी.

जूनमध्ये सूर्य सव्वापाचच्या सुमारास उगवतो. तेव्हा पेडलवर पाय हवा आणि आठपर्यंत गाडीत. उन्हात अंगावर शहारे आले, मळमळलं किंवा डोकं ठणकू लागलं तर सावलीत बसा, मानेवर-छातीवर पाणी ओता. सोबती असंबद्ध बोलू लागला तर वाट न बघता 911 ला (अमेरिकेतला आणीबाणीचा नंबर) फोन करा.

15 जून ते 30 सप्टेंबर हा इथला मान्सून. आकाश डोक्यावर निरभ्र असलं तरी वीस मैलांवर पडलेला पाऊस ओढ्यातून येऊ शकतो. वाहत्या ओढ्यात सायकल घालू नका.

काटे आणि साप

टेडी बेअर चोया लांबून लोभस, मऊ दिसतं. त्याचा चेंडूसारखा तुकडा नुसत्या स्पर्शाने तुटून अंगाला चिकटतो. काट्यांना उलटे आकडे असतात, त्यामुळे हाताने ओढायला गेलात तर हातही अडकला. खिशात रुंद दातांचा कंगवा ठेवा. कातडी आणि चेंडू यांच्या मधून तो सरकवा आणि झटक्याने स्वतःपासून दूर उडवा. कुठे उडणार तेही आधी बघा, सोबती समोर उभा असतो. राहिलेले काटे चिमट्याने. प्रिकली पेअरची केसासारखी बारीक कुसं दिसत नाहीत. त्यावर पांढरा गोंद लावा, सुकू द्या आणि सोलून काढा.

रॅटलस्नेक उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळी ट्रेलवरच पसरलेला असतो. थांबा, निदान दोन मीटर मागे राहा, तो जाईपर्यंत वाट बघा. चावलाच तर चिरणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको. अंगठी-घड्याळ काढा, हालचाल कमी करा आणि 911 ला फोन करा.

पायी चालणारे आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची, उतरणाऱ्याने चढणाऱ्याला. घोडा दिसला की सायकल थांबवून मोठ्याने बोला, म्हणजे त्याला तुम्ही माणूस आहात हे कळतं.

आणखी एक गोष्ट, जी दुकानात कोणी सांगत नाही. इथल्या धुळीत एका बुरशीचे बीजाणू असतात आणि त्यांच्यामुळे व्हॅली फिव्हर होतो. बहुतेकांना काहीच होत नाही. काहींना एक ते तीन आठवड्यांनी ताप, खोकला आणि न जाणारा थकवा येतो. वारा सुटला असेल त्या दिवशी जाऊ नका, पुढच्याच्या धुळीत चालवू नका. पुण्या-मुंबईला परतल्यावर खोकला रेंगाळला, तर अॅरिझोनात धुळीत सायकल चालवली होती हे डॉक्टरांना आपणहून सांगा. तिकडे हा आजार सहसा दिसत नाही, त्यामुळे तुम्ही बोलला नाहीत तर त्याची तपासणी कोणाला सुचणार नाही.