जुन्या रिमफायर स्पोर्टिंग रायफली: संग्रह कसा करावा आणि किंमत कशी ठरवावी

.२२ बोअरची (म्हणजे सुमारे .२२ इंच व्यासाच्या नळीची) जुनी रायफल समोर आली की बहुतेक जण आधी तिचे वय विचारतात. किंमत ठरवताना मात्र वय हा दुय्यम मुद्दा आहे. एकाच कारखान्यातून एकाच वर्षी बाहेर पडलेल्या दोन रायफलींपैकी एक दुसरीच्या कितीतरी पट किमतीला जाते, कारण तिच्या धातूवरचे मूळ ब्लूइंग (निळसर-काळा संरक्षक थर), मूळ स्क्रू आणि मूळ लाकूड शाबूत राहिलेले असते, तर दुसरी कोणीतरी चांगल्या हेतूने घासूनपुसून नवी केलेली असते. हा फरक ओळखणारी नजर कमावणे हेच या छंदातले खरे शिक्षण आहे, आणि पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पहिली पायरी: काडतूस समजून घ्या

रिमफायर काडतुसात स्फोटक मिश्रण तळाच्या कडेत भरलेले असते आणि फायरिंग पिन त्या कडेवर आघात करते. कड चेपली जावी म्हणून काडतुसाचे पितळ पातळ ठेवावे लागते, म्हणून दाब मर्यादित राहतो, आणि म्हणूनच या रायफली हलक्या, स्वस्त व घरातल्या मुलांच्या हाती देता येण्याजोग्या झाल्या. .२२ शॉर्ट हे काडतूस स्मिथ अँड वेसनने १८५७ मध्ये आणले, तर आज सर्वत्र वापरले जाणारे .२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ मधले आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत या काडतुसांच्या मिश्रणातून क्षार मागे राहत आणि वेळेवर साफ न केलेली नळी आतून गंजून जाई. त्या काळातल्या पुष्कळ रायफली बाहेरून देखण्या आणि आतून खड्ड्यांनी भरलेल्या का आढळतात, याचे उत्तर इथे आहे.

नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव अक्षर न् अक्षर वाचावे. '.२२ विंचेस्टर रिमफायर' हे लाँग रायफलपेक्षा रुंद पितळाचे वेगळे काडतूस आहे. त्याच्या चेंबरमध्ये (काडतूस बसते त्या नळीच्या मागच्या पोकळीत) लाँग रायफल काडतूस घालून झाडल्यास पितळ फाटते.

दुसरी पायरी: एक घराणे निवडा

सुरुवातीला दिसेल ते घेत सुटण्यापेक्षा एकच मॉडेल निवडून त्याचा सखोल अभ्यास करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. ब्राउनिंग बंधू या अमेरिकी शस्त्ररचनाकारांच्या रचनेवर आधारलेली, विंचेस्टर या अमेरिकी कंपनीची १८९० ही पंप रायफल (नळीखालची पकड मागेपुढे ओढून काडतूस भरणारी) सुमारे चार दशके बनत राहिली आणि तिच्या आठ लाखांहून अधिक प्रती निघाल्या. त्यामुळे ती सहज सापडते. चांगल्या अवस्थेतली मात्र दुर्मीळ असते, कारण जत्रांमधल्या नेमबाजीच्या दुकानांत तिच्यातून दिवसभर गोळ्या झाडल्या जात. तिची धाकटी बहीण म्हणजे १९०६ हे मॉडेल: १८९० ची नळी २४ इंची अष्टकोनी, तर १९०६ ची २० इंची गोल. १९३२ मध्ये आलेले आणि १९६३ पर्यंत चाललेले मॉडेल ६१ हे घोडा (हॅमर) आत दडलेले पंप यंत्र आहे, आणि प्रकारभेदांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याला त्याच्याइतका चांगला गुरू नाही. गोल नळी, अष्टकोनी नळी, फक्त शॉर्टसाठीचे चेंबर, विंचेस्टर रिमफायरचे चेंबर, शेवटच्या काळातले मॅग्नम (अधिक जोरदार .२२ काडतुसाचे) असे त्याचे अनेक अवतार आहेत आणि प्रत्येकाचा भाव निराळा आहे. रेमिंग्टनची मॉडेल १२ आणि १२१, मार्लिनची लिव्हरने (चापाभोवतीच्या दांडीने) चालणारी ३९ आणि ३९-ए, चेकोस्लोव्हाकियातल्या ब्र्नोच्या बोल्ट (हाताने मागेपुढे सरकवायच्या खिटीच्या) रायफली, जर्मनीची आनशुट्झ हीही तितकीच भक्कम घराणी आहेत. विंचेस्टर ५२ चा स्पोर्टर (शिकारीसाठीचा हलका) प्रकार अनेकांना या सगळ्यांत श्रेष्ठ वाटतो. पण साध्या टार्गेट (नेमबाजीच्या) ५२ ला नवा दस्ता (रायफलीचा लाकडी भाग) बसवून तयार केलेले स्पोर्टर बाजारात असल्यामुळे नवशिक्याने त्याच्या वाटेला उशिराच जावे.

तिसरी पायरी: सुरक्षा आणि कायदा

रायफल हाती येताच नळी सुरक्षित दिशेला ठेवून यंत्र उघडावे आणि चेंबर डोळ्यांनी व बोटाने तपासावे. नळीखाली नळकांडी मॅगझिन असलेल्या रायफलीत आतली नळी पूर्ण बाहेर काढून पाहावी, कारण तिथे अडकलेले एखादे काडतूस वर्षानुवर्षे तसेच पडून राहू शकते.

परवान्याचे नियम देशागणिक बदलतात आणि व्यवहारापूर्वी ते पाहिलेच पाहिजेत. या रायफलींचा सर्वांत मोठा बाजार असलेल्या अमेरिकेत, संघीय कायद्यानुसार, १८९८ किंवा त्यापूर्वी बनलेली शस्त्रे 'अँटिक' गणली जातात. मूळ स्वरूपातली, पन्नास वर्षांहून जुनी शस्त्रे संग्राह्य वस्तूंच्या वर्गात बसतात आणि त्यांच्यासाठी संग्राहकाचा स्वतंत्र परवाना मिळतो. १९६८ च्या कायद्याने अनुक्रमांक सक्तीचा झाला. त्यापूर्वीच्या अनेक स्वस्त .२२ रायफलींवर क्रमांक घातलेलाच नव्हता. म्हणून क्रमांक नाही एवढ्यावरून जुन्या रायफलीवर संशय घेऊ नये, मात्र तो खोडल्याची खूण दिसली तर तिथून निघून जावे.

चौथी पायरी: धातू आणि लाकूड वाचा

या पायरीला घाई अजिबात चालत नाही. खिडकीजवळचा तिरपा उजेड, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि नळीत टाकायचा बारीक दिवा एवढे साहित्य पुरते.

आधी अक्षरे पाहावीत. कारखान्यातून आलेल्या मूळ पृष्ठभागावर कोरीव अक्षरांच्या कडा टोकदार असतात आणि ठशाच्या दाबाने कडेला उचललेला धातू बोटाला किंचित लागतो. पॉलिशच्या चाकावर घासलेल्या रायफलीत हीच अक्षरे उथळ होतात, त्यांच्या एका बाजूला धातू ओघळल्यासारखा दिसतो, स्क्रूच्या भोकांभोवती बशीसारखा खळगा पडतो आणि रिसीव्हरच्या (यंत्र सामावणाऱ्या धातूच्या भागाच्या) धारदार कडा गोलावतात. त्यानंतर कितीही सुंदर ब्लूइंग चढवले तरी हे चार दोष लपत नाहीत. मी स्वतः पहिल्या वर्षी एक झळाळती मॉडेल ६२ 'मूळ फिनिश' या शब्दावर विश्वासून घेतली होती; घरी आणून भिंगाखाली धरल्यावर नळीवरचा प्रूफचा (कारखान्यातल्या चाचणीचा) ठसा अर्धा पुसलेला दिसला, आणि त्या दिवसापासून मी आधी ठसा पाहतो, चमक नंतर.

हा ठसा विंचेस्टरच्या बाबतीत फार बोलका आहे. एकमेकांत गुंतलेली 'डब्ल्यू' आणि 'पी' ही अक्षरे अंडाकृती चौकटीत असतात, आणि ती १९०५ पासून वापरात आली. नळीवर केवळ 'पी' असेल तर ती कारखान्याबाहेर बसवण्यासाठी सुटी विकलेली नळी आहे, असे समजावे.

झीज प्रामाणिक असेल तर ती नेमक्या जागी असते. हाताने धरून नेताना जिथे तळवा लागतो तिथे रिसीव्हरच्या खालच्या बाजूला ब्लूइंग विरते आणि तपकिरी छटा येते. नळीच्या तोंडाशी, पंपाच्या हातपकडीखाली ते घासले जाते. तळवा लागणाऱ्या जागी गडद निळाई आणि स्क्रूच्या खाचा मात्र कुरतडलेल्या, असा विसंवाद दिसला तर रायफल उघडून पुन्हा रंगवली असण्याची शक्यता मोठी असते.

लाकडात मनगटाजवळची (दस्त्याच्या हाताने धरायच्या बारीक भागाजवळची) आणि टँगमागची (रिसीव्हरमागे दस्त्यात जाणाऱ्या धातूच्या पट्टीमागची) बारीक चीर शोधावी. दस्ता धातूला मिळतो तिथे लाकूड धातूपेक्षा किंचित उंच असावे. ते खाली बसलेले असेल तर दस्त्याला सँडपेपर लागला आहे. मुलासाठी आखूड केलेला दस्ता या रायफलींत वारंवार भेटतो, म्हणून बटप्लेट (दस्त्याच्या मागच्या टोकावरची पट्टी) मूळ आहे का आणि तिच्या कडा लाकडाशी जुळतात का, ते पाहावे. टेलिस्कोपसाठी रिसीव्हरवर नंतर पाडलेली भोके, बदललेल्या साइट (नेम धरायच्या खुणा) आणि हरवलेले मूळ मॅगझिन यांचीही नोंद करावी.

शेवटी नळीच्या आत पाहावे. संथपणे प्रकाश फिरवताना काळपट कडे दिसले तर तिथे नळी फुगलेली असू शकते. बाहेरून बोट फिरवून खात्री करावी. लाँग रायफलच्या चेंबरमध्ये वर्षानुवर्षे शॉर्ट काडतुसे झाडली असतील तर चेंबरमध्ये पुढे झिजलेले वलय तयार होते आणि लांब काडतुसाचे पितळ त्यात अडकते. रिकाम्या यंत्राचा चाप वारंवार ओढल्याने चेंबरच्या कडेवर फायरिंग पिनचा ओरखडा उमटतो, तोही तपासावा.

पाचवी पायरी: वर्ष निश्चित करा

१९२१ पासूनच्या रेमिंग्टन रायफलींवर, नळीच्या मागच्या टोकाशी, सांकेतिक अक्षरे असतात. पहिले अक्षर महिना सांगते आणि इंग्रजीतल्या 'ब्लॅकपावडर' या शब्दाच्या अकरा अक्षरांना 'एक्स' जोडला की बारा महिन्यांचा क्रम मिळतो: बी म्हणजे जानेवारी, एल म्हणजे फेब्रुवारी, याप्रमाणे. दुसरे अक्षर वर्षाचे. वर्षांची अक्षरे पुढे पुन्हा वापरली गेली, म्हणून मॉडेलच्या उत्पादनकाळाशी ती ताडून पाहावी लागतात. विंचेस्टरच्या जुन्या कारखानी नोंदी वायोमिंगमधील कोडी येथील संग्रहालयात आहेत आणि शुल्क भरून पत्र मागवता येते. १८९० मॉडेलच्या नोंदी मात्र ठरावीक क्रमांकांपर्यंतच उपलब्ध आहेत.

सहावी पायरी: किंमत काढा

विक्रेत्यांनी लावलेल्या किमतींवर अवलंबून राहू नये. त्या इच्छा असतात. प्रत्यक्ष पार पडलेल्या लिलावांचे निकाल गोळा करावेत, आणि त्यात खरेदीदाराने भरलेले कमिशन धरले आहे की नाही, हे प्रत्येक वेळी पाहावे. त्याच मॉडेलचे, त्याच चेंबरचे, त्याच नळीचे निदान पाच-सहा अलीकडचे व्यवहार समोर असल्याशिवाय मी आकडा बोलत नाही.

त्यानंतर मूळ फिनिश किती टक्के उरले आहे, याचा अंदाज करावा. धातूचा प्रत्येक भाग वेगळा धरून कागदावर लिहिल्यास आपली भुरळ आकड्यात शिरत नाही: नळी ९०, रिसीव्हर ७०, मॅगझिनची नळी ८५, असे. किमतीची चढण सरळ नसते. ६० वरून ७० टक्क्यांवर गेल्याने थोडाच फरक पडतो, ९० वरून ९८ वर गेल्याने फार मोठा. पुन्हा ब्लूइंग केलेली सामान्य प्रकारातली रायफल संग्राहकाला बहुधा निम्म्या किमतीचीही वाटत नाही, आणि पाडलेली भोके बुजवली तरी गेलेली किंमत परत येत नाही. दुर्मीळ प्रकारात हे नियम सैल होतात, कारण तिथे दुसरी प्रत मिळेलच याची शाश्वती नसते. परंतु दुर्मीळ प्रकाराचीच बनावट होते, तेव्हा नळीवरचा चेंबरचा ठसा आणि प्रत्यक्ष चेंबर यांचा मेळ जाणकार कारागिराकडून तपासून घ्यावा.

मूळ खोका, कारखान्याचे पत्र, मूळ साइट यांना स्वतंत्र मोल आहे. 'आजोबांची रायफल' ही कथा कागदपत्रांशिवाय मोजू नये.

सातवी पायरी: आणल्यावर हात आवरा

तेलात भिजवलेल्या मऊ कापडाने पुसावे, नळी साफ करावी आणि तिथेच थांबावे. स्टील वूल, पॉलिशची पेस्ट, लाकडावर नवे वॉर्निश यांपैकी काहीही वापरू नये. चामड्याच्या किंवा फोमच्या पेटीत रायफल दीर्घकाळ ठेवल्यास ओलावा धरला जातो आणि एका पावसाळ्यात ठिपके उमटतात. प्रत्येक रायफलीसाठी एक पान राखावे: क्रमांक, तारीख, दिलेली किंमत, टक्केवारी आणि प्रत्येक ठशाचे तिरप्या उजेडातले छायाचित्र. पुढच्या वेळी तसलीच रायफल समोर आली की हीच छायाचित्रे शेजारी ठेवून पाहता येतात.