ड्रॉवरमधले जुने मोबाईल द्यायच्या आधी त्यातलं काय काय आणि कसं काढून घ्यायचं

जुने मोबाईल टाकवत नाहीत आणि वापरातही नसतात, त्यामुळे ते ड्रॉवरमध्ये साठत जातात. रिसायकलला द्यायचे असतील तर एखाद्या सुट्टीला सगळे बाहेर काढा आणि सुरुवात सगळ्यात जुन्यापासून करा. 1973 ला मोटोरोलाच्या मार्टिन कूपर या इंजिनिअरने न्यूयॉर्कच्या रस्त्यावरून पहिला कॉल लावला तो फोन किलोभर वजनाचा होता आणि त्यावर बोलण्यापलीकडे काही करता यायचं नाही, नंतर फोनमध्ये नंबर साठायला लागले, मग मेसेज, मग फोटो आणि आता तर बँकसुद्धा. म्हणजे फोन जितका जुना तितकं त्यात अडकलेलं कमी, तिथे हात बसवून घ्या.

पहिलं काम बॅटरी. मागचं झाकण उघडून बॅटरी काढा, सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवून बघा. भोवऱ्यासारखी गरगरली तर फुगलीय, ती चार्जिंगला लावायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर अजिबात नाही, सरळ बाजूला काढायची. नोकियावाल्यांचं एक बरं आहे, बीएल-5सी ही एकच बॅटरी कितीतरी मॉडेलना चालते, 2003 ला आलेला टॉर्चवाला 1100 (25 कोटींच्या वर खपलेला!) त्यातलाच. चार्जरची पिन मात्र बघून घ्या, आधीची जाड आणि नंतरची बारीक. आणि वर्षानुवर्षं पडून असलेला फोन चार्जिंगला लावल्यावर बराच वेळ स्क्रीनवर काहीच येत नाही, मेला म्हणून लगेच काढू नका, अर्धा तास राहू द्या.

चालू झाला की बरेच फोन सिम मागतात. बंद पडलेलं सिम घातलं तरी सहसा काम होतं. पण काही फोन वेगळं सिम दिसलं की कॉल लॉग पुसून टाकतात, तेव्हा जुनं सिम सापडत असेल तर तेच घाला.

नंबर काढायला ब्लूटूथ असेल तर कॉन्टॅक्ट सरळ नव्या फोनवर पाठवा. नसेल तर 'कॉपी टू सिम' करून ते सिम नव्या फोनमध्ये घालायचं आणि कॉन्टॅक्टच्या सेटिंगमधून इम्पोर्ट करायचं. यात एक गोची आहे, सिमवर साधारण 250 च नंबर मावतात, नाव लांब असेल तर शेपूट कापलं जातं आणि एका माणसाचे दोन नंबर असतील तर दुसरा गायब होऊ शकतो. म्हणून 'मूव्ह' नाही, 'कॉपी'च करा, आणि नीट आलेत का ते बघेपर्यंत जुन्यातलं काही डिलीट करू नका.

मेसेजचं काय? 1992 च्या 3 डिसेंबरला नील पॅपवर्थ या इंजिनिअरने कॉम्प्युटरवरून 'मेरी ख्रिसमस' असा पहिला एसएमएस पाठवला होता, पण कीपॅडवाल्या फोनमधून एसएमएस बाहेर काढायची सोपी सोय बहुतेक कंपन्यांनी दिलीच नाही. केबल, सॉफ्टवेअर वगैरेच्या नादी लागू नका, मेसेज उघडा आणि नव्या फोनने स्क्रीनचा फोटो काढा, खाली तारीख दिसेल असा. वाचताना डोकं खाजवावं लागेल कारण एका एसएमएसमध्ये 160 अक्षरं, देवनागरीत लिहिलं तर 70 च, त्यामुळे सगळे इंग्रजी अक्षरांत आणि तेही स्वर गाळून टाइप करायचे.

फोटो सोपे. मेमरी कार्ड असेल तर कार्ड रीडरमध्ये घाला. फक्त फोटो फोन मेमरीत आहेत की कार्डावर हे गॅलरीत दोन्हीकडे बघा, निम्मे लोक इथेच फसतात.

आता स्मार्टफोन, इथे घाई नको. फोटो वगैरे बॅकअपला गेलेच असतील, खरी भानगड लॉगिनची. बँकेचं ॲप, ईमेल, ओटीपी बनवणारं ॲप, हे सगळं आधी नव्या फोनवर सुरू करून एकदा आत जाऊन बघा, तोवर जुना रीसेट करायचा नाही. ओटीपीचं ॲप विसरलात तर स्वतःच्याच अकाउंटबाहेर उभं राहायची वेळ येते. मग जुन्या फोनमधून गूगल किंवा ॲपल अकाउंट साइन आउट करा आणि त्यानंतरच फॅक्टरी रीसेट. क्रम उलटा झाला तर, म्हणजे साइन आउट न करता रिकव्हरी मेनूतून (फोन बंद करून बटणं दाबून उघडतो तो) थेट पुसलात तर, फोन चालू होताना जुना पासवर्ड मागतो आणि पुढच्याच्या हातात नुसती वीट पडते. आयफोनमध्ये हे कुलूप 2013 ला आलं, अँड्रॉइडमध्ये 2015 च्या आसपास.

फोन कोणाला देणार असाल तर *#06# दाबून आयएमईआय (फोनचा स्वतःचा ओळख नंबर) लिहून ठेवा, सिम आणि कार्ड काढलंय का ते परत बघा (ट्रे विसरतातच लोक). आणि बाजूला काढलेली फुगकी बॅटरी कचऱ्याच्या डब्यात नाही, ई-कचरा घेणाऱ्याकडेच द्या, टोकांवर चिकटपट्टी लावून.