बचत गट कर्जाला पात्र कसा करायचा

जनधनमुळे 2014 नंतर घरोघरी बँक खाती निघाली. पण पेरणीच्या तोंडावर बियाण्याला पाच हजार कमी पडले, तर नुसतं पासबुक काय कामाचं? गावातल्या बाईला ती उसनवारी सावकाराऐवजी बचत गटातून मिळते. नाबार्डने, म्हणजे शेती आणि ग्रामीण विकासासाठीच्या राष्ट्रीय बँकेने, 1992 मध्ये गट आणि बँक यांची जोडणी सुरू केल्यापासून त्याच गटाला पुढे बँकेचं कर्जही मिळू लागलं. बँक मात्र शिलकीआधी वह्या बघते.

गट दहा ते वीस जणींचा करा. बचत सगळ्यात ओढगस्तीतल्या सदस्येला झेपेल एवढीच ठेवा. बारा जणींनी महिना शंभर टाकले, की सहा महिन्यांत 7,200 रुपये होतात. ते खात्यात पडून राहू देऊ नका. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यापासून अंतर्गत कर्ज द्या. महिना शेकडा दोन हा दर महाग वाटतो खरा, पण व्याज गटाच्याच निधीत जमा होतं.

व्याज शिल्लक मुद्दलावरच लावा. 5,000 रुपये दहा समान हप्त्यांत फेडायचे असतील, तर पहिल्या महिन्याचं व्याज 100, दुसऱ्याचं 90, शेवटच्याचं 10, एकूण 550. मूळ रकमेवर सरसकट लावलं तर तेच 1,000 होतं. सोपं पडतं म्हणून सरसकट लावलं जातं आणि वर्षअखेरीला त्यावरूनच वाद होतात.

इतिवृत्त, रोजमेळ (रोजच्या जमाखर्चाची वही), कर्ज खातेवही आणि प्रत्येकीचं पासबुक बैठकीतच लिहून सह्या घ्या. प्रतवारीच्या, म्हणजे कर्जाआधी बँक गट तपासते त्याच्या, आदल्या रात्री एकाच शाईत भरलेली वही बँकेच्या माणसाला पान उलटताच कळते.

कर्जासाठी गट किमान सहा महिने चाललेला लागतो. ‘उमेद’ या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटाचे हे सहा महिने वह्यांवरून मोजतात, खातं उघडल्याच्या तारखेवरून नाही. पहिलं कर्ज निधीच्या सहापट किंवा दीड लाख, यातलं जास्त असेल ते. निधीत बचतीबरोबर मिळालेलं व्याज आणि अभियानाकडून गटाला मिळणारा फिरता निधीही धरायचा. वीस लाखांपर्यंत तारण लागत नाही. बचत अडकवून ठेवण्याची अट शाखेने घातली, तर रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक पुढे करा. एखादी सदस्या वैयक्तिक थकबाकीदार असली, तरी गट थकलेला नसेल तर तेवढ्यावरून अर्ज नाकारता येत नाही.

खरी गडबड पैसे हातात आल्यावर होते. दीड लाख बारा जणींत सारखे वाटले, की प्रत्येकीला 12,500. तेवढ्यात म्हैस येत नाही. जिला गरज नाही ती घरखर्चात उडवते किंवा बाहेर व्याजाने देते, आणि हप्ता तुंबतो. त्यापेक्षा अर्जाआधीच्या बैठकीत प्रत्येकीचं काम, लागणारी रक्कम आणि पैसा कधी हाती येणार हे ठरावात लिहा. दुधाचा पैसा वरचेवर येतो, सोयाबीनचा दिवाळीच्या आसपास. बँकेचा हप्ता दरमहा असेल, तर पीकवालीकडून तोवर व्याज घ्या, मुद्दल सुगीला. मधल्या हप्त्यांची तजवीज गटाच्या निधीतून करावी लागेल, म्हणून सगळा निधी कर्जात वाटू नका.