दुसऱ्या पदवीला प्रवेश मिळाला, पण पात्रता 'प्रलंबित': असं सुटलं

बी.कॉम. झालेलं, आता दुसऱ्या विद्यापीठात बी.ए. फी भरली, तरी पात्रता (नव्या विद्यापीठाची कागदपत्रांची तपासणी) 'प्रलंबित'च. आधी वाटलं, दुसरी पदवी चालत नसेल. पण यूजीसीने २०२२ पासून दोन पदव्या एकाच वेळीसुद्धा करू दिल्यात. सहाही सत्रांच्या गुणपत्रिका दोनदा अपलोड केल्या. वैताग आला.

शेवटी खिडकीवरच्या बाईंनी फाइल उलटून सांगितलं, "तुम्ही बारावी बोर्डाचं मायग्रेशन जोडलंय. पदवी जिथली, तिथलं आणा." मायग्रेशन म्हणजे दुसरीकडे शिकायला जाताना जुन्या बोर्डाने किंवा विद्यापीठाने दिलेला दाखला.

मग क्रम असा: जुन्या कॉलेजातून टीसी. तिच्या दोन झेरॉक्स (मूळ प्रत परत मिळत नाही). ती आणि शेवटची गुणपत्रिका जोडून जुन्या विद्यापीठात मायग्रेशनचा अर्ज. मायग्रेशन हातात पडल्यावर, शिक्षणात पडलेल्या खंडाच्या (गॅपच्या) प्रतिज्ञापत्रासोबत त्याची मूळ प्रत नव्या कॉलेजात. नुसतं स्कॅन चाललं नाही.