एफएमडी मोजताना या चुका टाळा

धमनीचं आतलं अस्तर, म्हणजे एंडोथेलियम, निरोगी असेल तर रक्ताचा ओघ वाढताच ते नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि धमनी रुंदावते. हाताला कफ, म्हणजे रक्तदाब मोजताना बांधतात तसा हवेचा पट्टा, बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग कफ सोडून दंडातली धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीवर बघायचं, ही झाली फ्लो-मीडिएटेड डायलेशन, म्हणजे एफएमडी. सेलरमायर आणि सहकाऱ्यांनी 1992 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ती मांडली. सुई टोचावी लागत नाही, म्हणून नवशिक्यांना ती सोपी वाटते.

ती सोपी नाही, हे एका हिशेबात कळतं. समजा, धमनी 4.00 मिमी होती आणि 4.28 झाली, म्हणजे वाढ 7 टक्के. आता सुरुवातीचं माप तुम्ही 0.1 मिमीने जास्त घेतलंत, 4.10. तीच वाढ 4.4 टक्क्यांवर येते. चांगली धमनी कागदावर आजारी दिसू लागते. म्हणूनच पडद्यावर हाताने दोन बिंदू ठेवून माप घेऊ नका. कडा आपोआप ओळखणारं सॉफ्टवेअर वापरा आणि सलग चित्रण करा.

प्रोब, म्हणजे सोनोग्राफीचा त्वचेवर टेकवायचा भाग, हलणं हा सगळ्यात मोठा शत्रू. कफ सुटला की माणूस हात हलवतो, प्रोब मिलिमीटरभर सरकतो आणि धमनीचा छेद मधून न जाता बाजूने जातो. मग व्यास उगाच कमी दिसतो. प्रोब स्टँडमध्ये पकडा, हात उशीवर टेकवा, आणि धमनीची जवळची एखादी फांदी किंवा स्नायूचा पडदा खूण म्हणून चित्रात ठेवा. वरची आणि खालची दोन्ही भिंती रेघेसारख्या स्वच्छ दिसत नसतील तर कफ फुगवूच नका. पाच मिनिटं वाया जातात आणि लगेच दुसरा प्रयत्न करता येत नाही, कारण धमनी मूळ व्यासावर यायला वेळ लागतो.

कफची जागा. तो कोपराच्या खाली बांधायचा आणि व्यास वर दंडात मोजायचा. कफ दंडावर बांधला तर रुंदावणं जास्त दिसतं, आकडा छान वाटतो, पण त्यातला बराच भाग नायट्रिक ऑक्साइडमुळे नसतो. मग आपण नेमकं काय मोजलं, हेच कळत नाही. कफचा दाब सिस्टॉलिकपेक्षा, म्हणजे रक्तदाबाच्या वरच्या आकड्यापेक्षा, निदान 50 मिमी पाऱ्याने जास्त हवा. मनगटाची नाडी लागत नाही ना, ते बोटाने तपासा. पाच मिनिटांत कफमधली हवा हळूहळू गळते, तेव्हा मधूनमधून दाबाकडे लक्ष हवं.

कफ सोडल्यावर 60 सेकंदांनी एकच चित्र घ्यायची जुनी सवय अजून दिसते. ती सोडा. सगळ्यांची धमनी त्याच क्षणी सर्वाधिक रुंद होत नाही. निदान तीन मिनिटं चित्रण चालू ठेवा.

रक्ताचा वेग डॉपलर सोनोग्राफीने मोजतात. तिच्या लहरी आणि रक्ताचा प्रवाह यांच्यातला कोन 60 अंशांच्या पुढे जाऊ देऊ नका. 60 अंशांवर पाच अंशांची चूक वेगाच्या आकड्यात 13 ते 18 टक्क्यांचा फरक पाडते, आणि कोन वाढेल तशी ही चूक फार वेगाने वाढते.

या सगळ्याआधीची तयारी तर अनेक जण विचारतही नाहीत. सकाळचा चहा, सिगारेट, व्यायाम, तेलकट नाश्ता, व्हिटॅमिन सीची गोळी, प्रत्येकाने आकडा हलतो. "चहा घेऊन आलात का?" एवढंच न विचारता काय खाल्लं-प्यायलं, कधी, आणि कोणती औषधं चालू आहेत ते लिहून घ्या. शांत, एकसारख्या तापमानाच्या खोलीत पंधरा-वीस मिनिटं झोपवा. बायकांमध्ये पाळीच्या चक्राप्रमाणे उत्तर बदलतं, म्हणून पुन्हा मोजायचं असेल तर चक्राचे तेच दिवस धरा.

आकडा कमी आला तर लगेच अस्तराला दोष देऊ नका. जिभेखाली नायट्रोग्लिसरीन देऊन धमनी रुंदावते का ते पाहता येतं, कारण ते अस्तराला वगळून थेट धमनीच्या भिंतीतल्या स्नायूवर काम करतं. पण हे डॉक्टर हजर असतानाच करायचं. रक्तदाब कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखी (व्हायग्रा) गोळी घेतली असेल, तर अजिबात नाही.