रॅपलिंगला जाताना: दोर आयोजकांचा, तपासणी आपली

पावसाळ्यात कर्जतजवळच्या बेकरे आणि लोणावळ्याजवळच्या दुधिवरे येथील धबधब्यांवर रॅपलिंगचे, म्हणजे दोराच्या आधाराने कडा उतरण्याचे, कार्यक्रम होतात, आणि पाऊस सरला की तीच गर्दी खंडाळ्याच्या नागफणीकडे वळते. येणाऱ्यांपैकी अनेकांनी हार्नेस, म्हणजे दोराला जोडायचा कमरेचा आणि मांड्यांचा पट्टा, कधी हातातही घेतलेला नसतो. दोर आयोजकांचा आणि अँकरही (दोर कड्यावर जिथे बांधतात ते आधार) त्यांनीच लावलेले, तेव्हा आपण फक्त उतरायचे, असा समज त्यातून होतो. प्रत्यक्षात नवख्या माणसालाही स्वतः तपासता येतील अशा गोष्टी पुष्कळ आहेत. तसे करण्यात आयोजकाचा अपमान नाही, कारण मुरलेले गिर्यारोहकही एकमेकांचे हार्नेस आणि गाठी पाहिल्याशिवाय कड्याच्या टोकाशी जात नाहीत.

पैसे भरण्यापूर्वी काही चौकशी करावी. महाराष्ट्र शासनाच्या 2021 च्या साहसी पर्यटन धोरणानुसार असे उपक्रम घेणाऱ्या संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करणे अपेक्षित आहे. त्यामुळे नोंदणी आहे का, कड्यावर आणि पायथ्याशी कोण थांबणार आणि प्रत्येकाला दुसरा, स्वतंत्र सुरक्षा दोर मिळणार का, हे आधीच विचारावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले तर तो कार्यक्रम सोडून द्यावा. सही करण्यासाठी दिलेले संमतीपत्र पूर्ण वाचावे आणि दमा, फिट येणे, हृदयविकार, गर्भारपण किंवा अलीकडची शस्त्रक्रिया यांची माहिती त्यात लपवू नये, कारण अडचणीच्या वेळी प्रशिक्षकाला त्याच माहितीवर निर्णय घ्यावे लागतात.

हेल्मेट गिर्यारोहणाचेच असावे. त्यावर बहुधा ईएन 12492 हा मानक क्रमांक छापलेला असतो. बांधकामावरच्या हेल्मेटचा हनुवटीचा पट्टा ठराविक ताणाला सुटावा असाच बनवलेला असतो, म्हणजे पडताना नेमके ते डोक्यावरून निघून जाण्याची शक्यता राहते. पट्टा लावून डोके जोरात हलवून पाहावे. हेल्मेट कपाळावरून मागे सरकत असेल तर ते बदलून मागावे.

सर्वाधिक वेळ हार्नेसला द्यावा. कमरेचा पट्टा कमरेच्या हाडांच्या वर, पोटाशी घट्ट बसला पाहिजे, कारण तो खाली राहिला आणि माणूस उलटा झाला तर त्यातून निसटू शकतो. मांडीच्या पट्ट्यात सपाट तळहात जावा, पण मूठ जाऊ नये. काही जुन्या बकलांमध्ये पट्टा एकदा ओवून पुन्हा उलटा ओवावा लागतो. तसा तो ओवला आहे का आणि पुढे किमान चार बोटे शेपूट उरले आहे का, हे स्वतः हात लावून पाहावे. शिवण उसवलेली, पट्टा फिकट आणि कडक झालेला किंवा कडा झिजलेल्या दिसल्या तर दुसरा हार्नेस मागावा. अनेक उत्पादक कापडी साधनांना निर्मितीपासून जास्तीत जास्त 10 वर्षे वापराची मर्यादा घालतात आणि निर्मितीचे वर्ष आतल्या चिठ्ठीवर असते. कमरेच्या बाजूंना असलेल्या बारीक कड्या केवळ साधने अडकवण्यासाठी असतात. दोर किंवा डिसेंडर (दोर ज्यातून सरकतो ते उतरण्याचा वेग आवरणारे साधन) त्यांना जोडला जात असल्याचे दिसले तर तत्काळ थांबवावे.

कॅरॅबिनर, म्हणजे हार्नेस आणि दोर जोडणारी उघडझाप होणारी धातूची कडी, लावून झाल्यावर त्याचा स्क्रू फिरवलेला आहे का, हे गेट दाबून पाहावे. गेट उघडले तर लॉक झालेले नाही. कॅरॅबिनरवर कोरलेले आकडे किलोन्यूटनमध्ये असतात आणि 1 किलोन्यूटन म्हणजे साधारण 100 किलोंचा भार. लांबीच्या दिशेने 20 किंवा अधिक किलोन्यूटन पेलणारा तोच कॅरॅबिनर आडवा ताणला गेला किंवा त्याचे गेट उघडे राहिले तर फक्त 7 च्या आसपास पेलतो. म्हणून तो आडवा फिरला नाही ना, याकडे उतरतानाही लक्ष ठेवावे. दोर कातळाच्या धारेवर जिथे वळतो तिथे खाली पोते, सतरंजी किंवा दोरासाठीचे आवरण घातलेले असले पाहिजे.

कोरड्या कड्यावर दोर जमिनीपर्यंत पोहोचतो याची खात्री नसेल तर त्याच्या टोकाला गाठ हवी, म्हणजे चुकून टोकावरून निसटणे टळते. धबधब्याखाली डोह असेल तर मात्र हीच गाठ माणसाला पाण्यात अडकवू शकते. तेथे दोराची लांबी पाण्याच्या पातळीपुरती ठेवतात आणि कोणी धारेखाली अडकलाच तर वरून दोर सैल सोडता येईल अशी बांधणी करतात. “मी मध्येच अडकलो तर तुम्ही मला किती वेळात खाली सोडाल?” असा प्रश्न थेट विचारावा. हार्नेसमध्ये निश्चल लटकणे कोरड्या कड्यावरही धोक्याचे असते. अंगावर पाणी कोसळत असताना तर श्वास घेणेच कठीण होते. वरच्या डोंगरात पाऊस वाढला किंवा पाणी एकाएकी गढूळ झाले तर त्या दिवशी उतरू नये, भरलेले पैसे परत मिळोत अथवा न मिळोत.

केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आत घ्यावेत आणि ओढणी, लोंबते बंद, सैल टीशर्ट, अंगठ्या व गळ्यातल्या साखळ्या टाळाव्यात, कारण डिसेंडरमध्ये ओढले गेलेले कापड किंवा केस लटकत्या अवस्थेत सोडवणे फार अवघड असते. अत्तर आणि डिओडरंटही नको. सह्याद्रीच्या कड्यांवर आग्या मोहोळ असते आणि उग्र वासाने किंवा धुराने त्या माश्या चवताळतात.

उतरताना खालचा, म्हणजे ब्रेकचा, हात कोणत्याही कारणाने दोरावरून सोडू नये. फोटोसाठी हात हलवणे हे त्यातले सर्वांत सामान्य कारण असते. चित्रपटात दिसतात तशा उड्या मारल्याने अँकरवर झटके बसतात, म्हणून संथ, चालत उतरावे. पायथ्याशी पोहोचल्यावर दोर सोडवून “रोप फ्री” असे मोठ्याने सांगावे आणि कड्याच्या सरळ खालून बाजूला व्हावे. वरून दगड येण्याचा धोका तेव्हाही असतो, त्यामुळे गटातला शेवटचा माणूस उतरेपर्यंत हेल्मेट डोक्यावरच ठेवावे.