जवळची एए मीटिंग कशी शोधावी

‘मला दारू सोडायची आहे’ हे वाक्य माणूस बहुधा अगदी हतबल झालेल्या क्षणी बोलतो आणि पुढची संध्याकाळ झाली की ते मागे पडते. त्यामुळे ज्या घरात पिणे हाताबाहेर गेले आहे, त्या घराने आपल्या भागात एएची, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेची, मीटिंग कोठे, कोणत्या वारी आणि किती वाजता भरते याचा शोध आधीच घेऊन ठेवावा. ते वाक्य कानावर पडल्यानंतर शोध सुरू केला, तर पत्ता मिळेपर्यंत मनाची तयारी ओसरलेली असते.

त्याआधी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर पहिल्या तीन-चार दिवसांत हात थरथरणे, झोप उडणे, फिट येणे, नसलेली माणसे दिसणे असा त्रास होऊ शकतो आणि प्रसंगी तो जिवावर बेततो. अशा माणसाला प्रथम डॉक्टरांकडे न्यावे. मीटिंग हा औषधोपचाराला पर्याय नव्हे. शरीरातून दारू उतरल्यानंतर ती पुन्हा तोंडाला लागू नये, यासाठी मीटिंगचा आधार असतो.

अल्कोहोलिक्स अनॉनिमस, म्हणजे सगळ्यांच्या बोलण्यातले एए, ही संघटना 1935 साली अमेरिकेतील अॅक्रन या गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन यांच्या भेटीतून उभी राहिली. दोघेही पिणारे होते. दारूतून बाहेर पडू पाहणाऱ्याला दुसऱ्या पिणाऱ्याचे बोलणे जितके पटते तितके बायको, आई किंवा साहेबांचे पटत नाही, हा त्यांचा अनुभव आजही प्रत्येक मीटिंगचा पाया आहे. सभासद होण्यासाठी पिणे थांबवण्याची इच्छा एवढीच अट आहे; फी नाही, अर्ज नाही, आडनाव सांगण्याची सक्ती नाही. म्हणूनच एएच्या नावाने कोणी प्रवेश शुल्क मागितले, तर ती एए नव्हे असे खुशाल समजावे. एसटी स्टँडच्या भिंतीवर ‘रुग्णाला न कळता दारू सोडवा’ अशा जाहिराती असतात, त्यांची तर इथे चर्चाही नको.

शोधाची सुरुवात एएच्या भारतातील संकेतस्थळापासून करावी. तिथे शहरानुसार मीटिंगची माहिती आणि मदतीचे क्रमांक मिळतात. संघटनेचे मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. केंद्र सरकारची व्यसनमुक्तीसाठीची 14446 ही निःशुल्क हेल्पलाइनही जवळच्या केंद्राची माहिती देते. जिल्हा रुग्णालयाच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी केल्यास, तिथल्या समाजसेवकाला परिसरातील गट बहुधा तोंडपाठ असतात. पुण्यात 1986 साली सुरू झालेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांत उपचार घेतलेल्यांनी आपल्या गावाजवळच्या पाठपुराव्याच्या बैठकीची माहिती केंद्राकडूनच घ्यावी. मुंबई, वसई आणि गोवा या भागांत चर्चच्या आवारातही चौकशी करावी, कारण अनेक गटांना जागा तिथेच मिळते. जागा चर्चची असली तरी गट कोणत्याही धर्माचा नसतो, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

पत्ता हाती आला म्हणजे काम झाले, असे मात्र समजू नये. माझ्या थोरल्या भावाला मी पहिल्यांदा घेऊन गेलो, तेव्हा यादीतल्या महापालिका शाळेच्या फाटकाला कुलूप होते. दिवाळीची सुट्टी लागली होती आणि गट तेवढ्यापुरता दुसरीकडे भरत होता. परतताना भाऊ म्हणाला, ‘बघ, नशिबातच नाही.’ पुन्हा त्याला तयार करायला मला पाच आठवडे लागले. शाळांत भरणाऱ्या मीटिंग सुट्ट्या, परीक्षा आणि निवडणुका आल्या की हलतात, म्हणून निघण्यापूर्वी त्याच दिवशी फोन करावा. मीटिंग आज नक्की आहे का, ती मराठीत चालते की हिंदी-इंग्रजीत, आणि ती ओपन आहे की क्लोज्ड, हे विचारावे. ओपन मीटिंगला घरचे माणूस सोबत बसू शकते. क्लोज्ड मीटिंग केवळ पिण्याची समस्या असणाऱ्यांसाठी असते. शेवटी, कोणी फाटकापाशी भेटेल का, हेही विचारावे. माझ्या मते हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण अनेकांची पावले फाटकापर्यंत येऊन तिथूनच मागे फिरतात.

दुसऱ्या खेपेला आम्ही आत गेलो, तो चौथीचा वर्ग होता. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता होता आणि लहान मुलांच्या बाकांवर गुडघे आखडून पंधरा-वीस मोठी माणसे बसली होती. एकेक जण उठून नाव सांगे, ‘मी मद्यपाशी आहे’ म्हणे आणि आपली हकिगत सांगे. मधे कोणी बोलत नसे, सल्ला देत नसे. स्टीलचा डबा फिरला तेव्हा नव्या माणसाने पैसे टाकलेच पाहिजेत असा आग्रह कोणी केला नाही. भाऊ दीड तास एक शब्दही बोलला नाही, आणि तेही चालते.

पहिला गट पटला नाही तर दुसरा पाहावा. प्रत्येक गटाची माणसे, वय आणि बोलण्याची धाटणी वेगळी असते. स्त्रियांना पुरुषांनी भरलेल्या खोलीत बोलणे जड जाते, म्हणून केवळ स्त्रियांची मीटिंग आहे का, हे फोनवर निःसंकोच विचारावे. कुटुंबीयांसाठी अल-अनॉन हे वेगळे संघटन आहे आणि पिणारा मीटिंगला जायला तयार नसला तरी घरच्यांना तिथे जाता येते. जवळपास गट नसलेल्या गावातील किंवा परदेशातील मराठी माणसाला ऑनलाइन मीटिंगचा मार्ग आहे. तरीही शक्य तेव्हा प्रत्यक्ष जावे, कारण मीटिंगनंतर चहाच्या टपरीवर जे बोलणे होते ते पडद्यावर होत नाही.

मीटिंगमधून निघण्यापूर्वी दोन-तीन जुन्या सभासदांचे नंबर मागून घ्यावेत; ते आनंदाने देतात आणि पिण्याची ओढ लागली की पहिल्या घोटाच्या आधी फोन कर, असे बजावतात. हे नंबर मोबाइलखेरीज एका चिठ्ठीवरही लिहून पाकिटात ठेवावेत, कारण पिणाऱ्याच्या घरात मोबाइल हरवतो, फुटतो किंवा गहाण पडतो.